फलालिनीची वाकळ आणि थोरलीचे कानमंत्र

लेकरा, फलालिनीची वाकळ शिवायचं मनावर घेतलंस, बरं केलंस. हे कापड हाताला मऊ लागतं, म्हणून स्वभावानंही गरीब असेल असं मात्र समजू नकोस. ते आटतं, ताणतं, लव सोडतं आणि ठिणगी दिसली की भडकतं. तरी येळवशीच्या (वेळअमावस्येच्या) आसपास पहाटेचा गारठा पडला की हात आधी त्याच्याकडंच जातो. मी सांगते त्यात नवं काही नाही. आपल्या नांदेड-लातूरकडच्या बाया जे बोलता बोलता करून टाकतात, तेच ओळीनं लावून दिलंय. एक गोष्ट आधी पदराला बांध: ऊब देते ती कापडात अडकून बसलेली कोरडी हवा. फलालिनीची लव ही हवा धरून ठेवते. पुढचे सगळे मंत्र त्या हवेला जागा द्यायचे आणि ओलीला बाहेर ठेवायचे आहेत.

बाजारात पाऊल टाकण्याआधी

१. वाकळ कुणासाठी ते आधी ठरव — म्हातारीला हलकी लागते, वाढत्या पोराला लांब लागते, आणि ‘कुणी आलं-गेलं तर’ म्हणून शिवलेली वाकळ पेटीतच म्हातारी होते.

२. गाव बघून जाडी ठरव — लातूर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच. नांदेड गोदाकाठी, ३५० मीटरच्या आसपास. म्हणून नांदेडला फलालिनीच्या दोन थरांत एक जुनं लुगडं पुरतं, लातूर-उदगीरला मध्ये पातळ कापूस घातला तर पहाट सुखाची जाते.

३. संक्रांत सरली की कापड आण आणि उन्हाळ्यात शिव — थंडी ओसरली की दुकानदाराला हिवाळी माल हातावेगळा करायचा असतो, आणि रब्बी घरात आल्यावर तुलाही सावलीत बसायला सवड असते. कुडकुडल्यावर सुई शोधणाऱ्याची वाकळ होळीला पुरी होते.

४. पन्हा विचारल्याशिवाय मीटर सांगू नकोस — ५ फूट बाय ७ फुटांच्या वाकळीला ३६ इंची पन्ह्याचे दोन पट्टे जोडावे लागतात, म्हणजे आटणं धरून एका बाजूला ५ मीटर. पन्हा ४४ इंची असला तरी पट्टे दोनच लागतात. उरलेल्या कापडात लेकराची झबली-टोपडी होतील एवढाच फायदा.

५. लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात, त्यातले निदान तीन तरी फिर. नांदेडला वजिराबादेतही तेच — पहिल्या दुकानात सगळंच चांगलं दिसतं, दुसऱ्यात भाव कळतो आणि तिसऱ्यात अक्कल येते.

६. कापड उजेडाला धर आणि अंगठ्यानं जोरात घासून बघ — वीण विरळ असली तर आरपार दिसतं, आणि लव कच्ची असली तर तिथंच बोटाला लागते. ज्याची लव उडाली, त्याची ऊब बुडाली.

७. एक सुटा धागा मागून घे आणि दुकानाबाहेर काडी लावून बघ — सुताची राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो, पॉलिस्टरचा वितळून टणक मणी होतो. पॉलिस्टर घाम पीत नाही. मध्यरात्री ओलसर वाटतं आणि पांघरूण लाथेनं पायथ्याशी जातं.

कात्री लावण्याआधी

८. आधी धू, मग काप — फलालीन पहिल्या पाण्यात मीटरमागे चार-पाच सेंटीमीटर, कधी त्याहूनही जास्त आटते. आधी भिजवलं तो हसला, आधी कापलं तो फसला.

९. धुण्याआधी दोन्ही कापलेल्या टोकांना मोठ्या टाक्यांची कच्ची टीप मार — सैल विणीतून धागे सुटत जातात आणि बादलीतून कापडाऐवजी सुताचा गुंता हाती येतो.

१०. लाल, गर्द निळं आणि काळं पहिल्यांदा वेगळ्या बादलीत भिजव — रंग सोडायचाच असेल तर तिथं सोडू दे, तुझ्या पांढऱ्या अस्तरावर नको.

११. जुनं लुगडं घेताना दोन्ही हातांनी ताणून बघ, फाटेल तिथं फाटू दे — बसायच्या जागेचं कापड आधीच विरलेलं असतं. आत्ता वाचवलेला तो तुकडा वाकळीत पहिल्या वर्षीच तोंड उघडतो.

१२. इरकलीचे काठ फेकू नकोस, गुंडाळून ठेव — अंगचं कापड जातं तरी काठ घट्ट राहतो, आणि वाकळीच्या कडेला त्याच्याइतकं टिकाऊ दुसरं काही बाजारात मिळत नाही.

१३. इस्त्री दाबायची आणि उचलायची, रेटायची नाही — फलालीन तिरकी ताणली की चौकोनाचा पतंग होतो, मग चारही कोपरे एकमेकांवर रुसून बसतात.

१४. तुकडे जोडायचे असतील तर वीतभर तरी मोठे ठेव आणि शिवणीत अर्धा इंच सोड — लहान तुकड्यांना जोड फार, आणि जोडाशी जाड कापडाचे पदर साठून सुई अडते. पाव इंचाची शिवण या कापडात दोन धुण्यांत उसवते.

१५. लवेवरून तळहात फिरव आणि सगळ्या तुकड्यांची लव एकाच अंगानं येऊ दे — उलटसुलट लागली तर एकाच रंगाचे दोन रंग दिसतात आणि बघणारी पहिलं बोट तिथंच ठेवते.

मधल्या थराचं गणित

१६. थर वाढवताना हात आखडता घे — काही थरांनंतर नुसतं वजन वाढतं, आणि वरच्या भारानं खालची हवा दबून जाते. ओझ्यानं झोप मोडते, हवेनं ऊब जोडते.

१७. कापूस घालायचाच तर एका माणसाच्या वाकळीला १ ते दीड किलो पुरे, पण तो पिंजून घे — जुन्या गादीतला दबलेला कापूस तसाच भरला तर वजन मिळतं, ऊब मिळत नाही. पिंजाऱ्यानं फुगवलेल्या कापसात हवा असते, आणि पैसे त्याच हवेचे द्यायचे असतात.

१८. घरचा कापूस आहे म्हणून वेचणीचा थेट भरू नकोस, जिनिंगवरची रुई आण — आपल्या शिवारात २००२ साली बीटी कापूस येण्याआधी नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं ‘नांदेड-४४’ वाण जोरात होतं. वाण तेव्हाचं असो की आत्ताचं, सरकीचा कण आत राहिला की तेलकट डाग फुटतो आणि त्या वासानं उंदीर येतो.

१९. रुई आधी दिवसभर उन्हात घाल, वर जुनी ओढणी टाक — वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते. ओढणी नसली तर अर्धी रुई शेजारच्यांच्या अंगणात जाते आणि संबंध उगाच बिघडतात.

२०. रुई जुन्या धोतराच्या दोन पदरांत पसरून मग फलालिनीत ठेव — पदरात धरलेली रुई शिवताना सरकत नाही, आणि पुढंमागं वरची फलालीन झिजली तर आतला ऐवज जसाच्या तसा उचलून नवीत घालता येतो.

टाका, दोरा आणि मशीन

२१. थर फरशीवर अंथर, सतरंजीवर नको; कोपऱ्यांवर वरवंटा नि वजनमापं ठेव — शहाबादी फरशीवर सुरकुती लगेच दिसते. सतरंजीवर बसून शिवलं तर शेवटी सतरंजीही वाकळीबरोबर उठते.

२२. मधोमध सुरुवात करून कडेकडं कच्चे टाके घाल — सुरकुती बाहेर ढकलली जाते. चारी कडा आधी बांधल्या तर ती पोटात कोंडते आणि कायमची मुक्कामाला राहते.

२३. दोरा सुती, दुहेरी आणि हातभरच घे. मेणावरून एकदा ओढ — लांब दोरा वेळ वाचवेलसं वाटतं, पण लवेत अडकून गाठी घालतो. आळशाचा दोरा लांब, कामाचा मुक्काम लांब.

२४. धावदोऱ्याच्या दोन ओळींत नुसत्या कापडाला चार बोटं अंतर ठेव, आत रुई असेल तर तीनच — ओळी विरळ पडल्या की पहिल्या धुण्यात रुई कणकेच्या गोळ्यांसारखी एका कोपऱ्यात जमते आणि बाकीची वाकळ रिकामी राहते.

२५. टाका बसव, आवळू नकोस — दोरा खेचला की दोन थर एकमेकांना चिकटतात आणि मधली हवा जाते. आवळलेली वाकळ दिसायला नक्षीदार, पांघरायला थंडगार.

२६. दोघी मिळून शिवणार असाल तर समोरासमोर बसा आणि तासा-दोन तासांनी जागा बदला — प्रत्येकीचा हात वेगळा. जागा नाही बदलली तर अर्धी वाकळ ताठ, अर्धी सैल होते, आणि दोष कुणाचा यावर अख्खा उन्हाळा जातो.

२७. बसताना सुया मोज, उठतानाही मोज — लवेत शिरलेली सुई हाताला लागत नाही, पाठीला लागते. सुई हरवली की घराची झोप हरवली.

२८. मशीनवर शिवत असलीस तर १६ नंबरची सुई लाव, टाका लांब ठेव आणि कापड मागून ओढू नकोस — जाड थरात बारीक सुई वाकते, आणि ओढलं की वरचा थर पुढं, खालचा मागं राहतो.

२९. दर बैठकीनंतर बॉबिनची जागा नि दातांची पट्टी जुन्या ब्रशनं झाड — फलालिनीची लव तिथं गोळा होऊन तेल पिऊन घट्ट बसते. मशीन अडली की माणूस मेकॅनिककडं धावतो, आणि मेकॅनिक फक्त तेवढंच झाडून पैसे घेतो.

३०. कडेचा गोट फलालिनीचा करू नकोस, मघाशी राखलेला काठ लाव — ओढाताण कडेलाच होते, आणि भावंडांच्या भांडणात वाकळीची कडच हातात येते.

३१. डोक्याकडच्या बाजूला वीतभर रुंद वेगळी पट्टी मोठ्या टाक्यांनी लाव — केसांचं तेल तिथंच लागतं. पट्टी उसवून धुतली की पूर्ण वाकळ भिजवायचं चार वेळचं काम एकदाच होतं.

३२. शिवून झाल्यावर उलटी करून चुका शोधत बसू नकोस — पांघरणारा अंधारात पांघरतो. पहिल्या वाकळीला आरसा दाखवू नये.

पांघरताना

३३. शेकोटी, चूल आणि बंब यांच्यापासून फलालीन लांब ठेव — लवेचे सुटे तंतू क्षणात पेट घेतात आणि जाळ कापडभर पळतो. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात सुती फलालिनीच्या कपड्यांनी लेकरं भाजायची. न पेटणारं म्हणून खोटं सांगून कापड विकू नये असा कायदाच तिकडं १९१३ साली करावा लागला.

३४. रात्री लाईट आली म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला निघालीस तर खांद्यावर घोंगडी घे — लोकर दव झटकते आणि सहजी पेटत नाही. फलालीन दव पिते आणि गोखरू-कुसळं घरापर्यंत आणते. घोंगडी नसेल तर मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जाशील तेव्हा बघून घे. जाळापाशी घोंगडी, बाळापाशी दुपटं.

३५. वर्षाच्या आतलं लेकरू निजवताना त्याच्यावर सैल वाकळ टाकू नकोस. अंगात फलालिनीचं झबलं, पायमोजे पुरेत — तोंडावर आलेलं पांघरूण त्याला बाजूला करता येत नाही. प्रेम जाडीनं मोजू नये, हे आजीलाही गोडीनं सांग.

३६. दोन वाकळा असतील तर एक खाली अंथर — फरशी पाठीकडून ऊब ओढून घेते, आणि अंगाच्या भारानं दबलेला खालचा थर वरच्यापेक्षा लवकर थंड पडतो. वर तीन घेऊनही कुडकुडणारा माणूस बहुधा उघड्या फरशीवरच निजलेला असतो.

३७. पत्र्याच्या घरात बाज पत्र्याच्या जोडाखाली ठेवू नकोस — पहाटे पत्र्याला आतून पाणी सुटतं आणि जोडावरून ठिबकतं. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ चा तो हिवाळा पत्र्याच्या शेडात काढलेल्यांना विचार, ते आजही अंथरूण टाकताना आधी वर बघतात.

धुणं आणि ठेवणं

३८. वाकळीला पातळ सुती खोळ घाल आणि खोळ धू — आपल्याकडं पाण्याचा भरवसा नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. एका वाकळीच्या पाण्यात चार खोळी निघतात. टाकी बघून धुणं काढावं.

३९. दसरा काढताना सगळ्या वाकळा एकाच दिवशी भिजवू नकोस, आणि भिजवायची ती सकाळीच — नवरात्राच्या तोंडाशी परतीचा पाऊस दुपारनंतर येतो. दोरीवरची भिजली की घट बसायची वेळ येते तरी अंथरूण ओलंच.

४०. दगडावर आपटू नकोस, धोपटण्यानं बडवू नकोस. साबणाच्या गार पाण्यात बुडवून पायानं हलकेच तुडव — मार लागला की लवेच्या गुठळ्या होतात. हाताला खरखर लागली की समज, तिथली हवा गेली.

४१. पिळू नकोस, आधी कठड्यावर निथळू दे, मग बाजेवर पसर आणि दुपारी उलट — भिजलेली वाकळ दोरीवर लोंबली की स्वतःच्या भारानं लांबट होते आणि टाके तुटतात.

४२. घडी घालण्याआधी जोडाच्या जागी गाल टेकव — हात फसतो, गाल फसत नाही. गार लागलं तर अजून ओल आहे. ओली घडी, बुरशीची गढी.

४३. उन्हाळ्यासाठी ठेवताना वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून घाल आणि जुन्या सुती चादरीत गुंडाळ, प्लास्टिकच्या पिशवीत नको — प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. लेकरांच्या पांघरुणात डांबराच्या गोळ्या तर बिलकूल नकोत, त्यांचा वास तान्ह्याला बाधतो.

४४. पेटी धान्याच्या कणग्यांजवळ ठेवू नकोस, आणि महिन्यातून एकदा उघडून वाकळीची घडी बदल — उंदीर धान्याला येतो आणि बिछाना तुझ्या वाकळीत करतो. राखलं तर कापड किती टिकतं ते बघायचं असेल तर अंबाजोगाईला जा. संतकवी दासोपंतांनी (१५५१-१६१५) ज्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिलं, ती चारशे वर्षांनंतरही आहे.

४५. टाका सुटला की त्याच आठवड्यात घाल — एक बोट उसवलेली जागा थंडी संपेपर्यंत हातभर होते, आणि तोवर आतली रुई कुठं गेली ते कुणीच सांगत नाही.

४६. वाकळ विरली तरी टाकू नकोस. नव्या वाकळीत मधला थर कर — वारंवार धुतलेलं सूत आता आटत नाही, रंग सोडत नाही, धाग्याधाग्यानं मऊ झालेलं असतं. नवीच्या पोटी जुनी निजते.

एवढं सगळं पहिल्या वर्षी जमणार नाही, आणि जमावं अशी कुणाची अपेक्षाही नाही. यातले चारच नेमानं पाळ: कापण्याआधी धू, टाका आवळू नकोस, जाळाजवळ नेऊ नकोस, ओली घडी घालू नकोस. हे चार पाळले तर बाकीच्या चुका वाकळ स्वतःच पोटात घालते. आणि पहिली वाकळ पूर्ण झाली की ती पेटीत ठेवू नकोस, घरात ज्याला सगळ्यात जास्त थंडी वाजते त्याच्या अंगावर घाल. कुठं गार लागतं ते तोच सांगेल, आणि दुसऱ्या वाकळीला तेवढं सुधारून घे.